ग्रंथालयाच्या इमारतीला ‘मंजुरी मिळाली’ म्हणजे नेमकं काय मिळालं?

फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक ठरलेली पोस्ट अधूनमधून येते. ‘ग्रंथालयाच्या इमारतीसाठी इतक्या कोटींचा निधी मंजूर’ असा मथळा, खाली नेत्यांचे फोटो आणि त्याखाली अभिनंदनाच्या कमेंट. दोन-तीन वर्षांनी तीच पोस्ट पुन्हा येते. रक्कम वाढलेली असते आणि मथळा थोडा बदललेला असतो: ‘उर्वरित कामासाठी निधी मंजूर’.

मग पहिल्या वेळी मंजूर झालं होतं ते काय?

सरकारी बांधकामात ‘मंजुरी’ ही एकच गोष्ट नसते. किमान चार वेगवेगळ्या टप्प्यांवर चार वेगवेगळ्या कचेऱ्या होकार देतात आणि बातमीत चारही वेळा शब्द एकच येतो, ‘मंजूर’. कुठल्या टप्प्याची मंजुरी आहे हे कळलं, तर इमारत दोन वर्षांत उभी राहील की सळया गंजत पडतील, याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

सळयांचा उल्लेख जालन्यात जरा जास्तच टोचतो. हे शहर लोखंडी सळई बनवण्यासाठी ओळखलं जातं.

जालन्याचा वाचक कुठे उभा आहे?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तोवर हा भाग बहुतांश औरंगाबाद जिल्ह्यात होता, परतूरकडचा परभणीत. जुन्या जिल्ह्यांच्या ठिकाणी जिल्हा पातळीवरच्या संस्था आणि कचेऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचं बस्तान होतं. जालन्याला ती उभारणी १९८१ नंतर सुरू करावी लागली.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार आणि साक्षरता साधारण साडेएकाहत्तर टक्के. त्या वेळी राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे होती. आठ तालुके, त्यातले मंठा, घनसावंगी, जाफराबादसारखे तालुके शेतीवर जगणारे. तिथला एखादा मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करायला निघते, तेव्हा तिच्यापुढे पर्याय दोनच असतात. महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिकेत खुर्ची घ्यायची, नाहीतर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठायचं. सरकारी ग्रंथालयाची नीट बांधलेली, संध्याकाळी उशिरापर्यंत दिवे असलेली इमारत हा तिसरा पर्याय. तो कागदावर अडकला तर नुकसान कुणाचं, हे वेगळं सांगायला नको.

याच भागात वाचनालयाला एकेकाळी निराळंच महत्त्व होतं. निजामाच्या राजवटीत सभा-संमेलनांवर बंधनं होती. ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना आजही नावानिशी आठवतं, कारण परवानगीशिवाय जाहीर सभा घेणं त्याने अशक्य केलं. अशा काळात माणसं एकत्र बसू शकतील, मराठी वर्तमानपत्र वाचू शकतील अशी जागा म्हणजे वाचनालय. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ पासूनचं. म्हणजे वाचकांची परंपरा होती. सरकारी इमारती मात्र दूर होत्या.

किती दूर? १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्याच्या राज्याचं मोठं ग्रंथालय हैदराबादेत, अफजलगंजला. ते म्हणजे आसफिया ग्रंथालय. स्थापना १८९१ ची, पण आज मुसी नदीच्या काठी दिसणारी त्याची भव्य इमारत पूर्ण झाली १९३६ मध्ये. स्थापनेपासून तब्बल ४५ वर्षांनी, आणि तेही निजामासारखा धनाढ्य सत्ताधीश असताना. १९५५ च्या हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने त्याला राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडून द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

मुंबईच्या टाऊन हॉलचं काय झालं होतं?

आता जालन्याच्या वाचकाच्या राज्याचं ग्रंथालय मुंबईत आलं. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ज्या टाऊन हॉलमध्ये वाढलं, ती फोर्टमधली उंच पायऱ्यांची, खांबांची इमारत म्हणजे अर्धवट राहिलेल्या बांधकामाचं महाराष्ट्रातलं एक जुनं आणि नामांकित उदाहरण आहे.

सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू केली. पुढे तीच एशियाटिक सोसायटी झाली. पुस्तकं जमली, आणि जागा हवी म्हणून १८११ च्या सुमारास टाऊन हॉलची कल्पना पुढे आली. पैसे उभे करायला चक्क लॉटरी काढली गेली. ती पुरली नाही. बांधकाम सुरू व्हायलाच १८२१ उजाडलं, मग पैसे संपले, काम रेंगाळलं. शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उरलेला खर्च उचलला, पण फुकट नाही. इमारतीत सरकारी कचेऱ्यांना जागा द्यायची, या बोलीवर. १८३३ मध्ये इमारत पूर्ण झाली. कल्पनेपासून २२ वर्षं आणि पायापासून १२.

दोनशे वर्षांनी त्या फाइलकडे पाहिलं तर ओळखीचंच सगळं दिसतं. पुरेसे पैसे हातात नसताना सुरुवात, मधला खोळंबा, आणि मग ‘आम्ही पूर्ण करतो, पण दोन मजले आमच्या ऑफिसला’ हा सौदा. आजही अपुऱ्या इमारतीला निधी मिळवताना हा तिसरा भाग परत परत येतो. ग्रंथालयासाठी बांधलेल्या इमारतीत मग दुसऱ्याच खात्याच्या फाइलींचे गठ्ठे दिसतात.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेनुसार ग्रंथालय हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मराठवाड्यासाठीचा हैदराबादचा १९५५ चा आणि कोल्हापूर संस्थानचा १९४५ चा, असे दोन जुने कायदे बाजूला सारून तो आला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीतलं ग्रंथालय संचालनालय तो राबवतं. जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो.

या कायद्यात एक गोष्ट नाही, आणि इमारतींच्या बाबतीत तीच भोवते. तामिळनाडू, कर्नाटक या राज्यांत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. लोकांनी घरपट्टी भरली की त्यातला वाटा ग्रंथालयांच्या नावावर पडतो. महाराष्ट्राने असा उपकर ठेवला नाही. कायद्यात ग्रंथालय निधी आहे आणि त्यात सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये टाकावेत अशी तरतूद आहे. १९६७ साली ही रक्कम बरी होती. आज तेवढ्यात एका तालुक्याच्या ग्रंथालयाचं छतही नीट होणार नाही. प्रत्यक्षात सरकार यापेक्षा खूप जास्त खर्च करतं, पण तो दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. गावोगावची अ, ब, क, ड वर्गातली वाचनालयं सरकारी नसतात, ती संस्थांनी चालवलेली असतात. त्यांना मिळतं ते परिरक्षण अनुदान, म्हणजे पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं यांसाठीचे पैसे. २०२३ मध्ये सरकारने या अनुदानाचे दर ६० टक्क्यांनी वाढवले, तेव्हा ‘ग्रंथालयांना भरघोस निधी’ अशा बातम्या आल्या. त्यातून इमारत बांधता येत नाही. इमारतीसाठी संस्थांना कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे अर्ज करता येतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ही संस्था १९७२ पासून काम करते. शासकीय जिल्हा ग्रंथालयाची इमारत मात्र राज्याच्या भांडवली खर्चातून, नाहीतर पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होते.

चार होकार

सगळ्यात आधी जागा. ती ग्रंथालयाच्या नावावर हवी, म्हणजे महसूल विभागाचा आदेश आणि अभिलेखात नोंद हवी. ‘जागा पाहिली’, ‘जागा निश्चित केली’ याला काही अर्थ नाही. ताब्याची पावती झाली का, हा खरा प्रश्न.

जागा ठरली की सार्वजनिक बांधकाम विभाग नकाशा आणि अंदाजपत्रक तयार करतो. दर मनाने लावायचे नसतात, सरकारी दरसूची असते. हे अंदाजपत्रक उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे जातं आणि तिथून मिळते ती प्रशासकीय मान्यता. तिचा अर्थ एवढाच: ‘हे काम करायला हरकत नाही, आणि ते साधारण इतक्या खर्चात व्हावं.’ बहुतेक पोस्ट याच टप्प्यावर निघतात. या कागदावर कोटींचा आकडा असतो, पण तिजोरीतून एक रुपयाही हललेला नसतो.

दुसरा होकार तांत्रिक मान्यता. ती बांधकाम विभागाचे अभियंते देतात. रक्कम जेवढी मोठी, तेवढा वरचा अधिकारी. पाया किती खोल, खांब किती जाड, वीज किती लागेल, याचा हिशेब बरोबर आहे असं इथे कुणीतरी सही करून सांगतं. जालन्याच्या काळ्या मातीत हा टप्पा वरवर उरकून चालत नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मातीची चाचणी न करता पाया धरला, तर खोदताना खर्च वाढतो आणि इमारत वर यायच्या आधीच अंदाजपत्रक चुकतं.

तिसरा होकार म्हणजे अर्थसंकल्पात तरतूद. हा टप्पा सर्वात कमी दिसतो आणि सर्वात जास्त इमारती इथेच अडकतात. ग्रंथालयांचा रोजचा खर्च २२०५ या लेखाशीर्षाखाली पडतो आणि बांधकामासारखा भांडवली खर्च ४२०२ खाली. कामाचं नाव त्या यादीत आलं की ‘समावेश झाला’ अशी बातमी होते. पण नावापुढे रक्कम किती? कधी कधी फक्त टोकन तरतूद असते, म्हणजे काम यादीत जिवंत राहावं म्हणून ठेवलेली नाममात्र रक्कम. आणि जी तरतूद असते ती सगळी त्या वर्षी खर्चायला मिळेलच असं नाही, कारण वित्त विभाग टप्प्याटप्प्याने पैसे सोडतो. ३१ मार्च उलटला की न वापरलेला निधी परत जातो. मार्चअखेर बिलांची जी धावपळ दिसते ती याचमुळे.

चौथा होकार निविदा आणि कार्यारंभ आदेश. ठेकेदाराच्या हातात हा आदेश पडला की कामाचा कालावधी मोजायला सुरुवात होते. फोटो काढायचाच असेल तर खरं तर या कागदाचा काढावा.

मग काम मध्येच का थांबतं?

समजा एका इमारतीच्या कामाची किंमत ५ कोटी आहे. हे उदाहरण फक्त हिशेबासाठी. जुलै २०२२ पर्यंत अशा सरकारी बांधकाम कंत्राटावर जीएसटी होता १२ टक्के, म्हणजे ६० लाख. १८ जुलै २०२२ पासून तो १८ टक्के झाला, म्हणजे ९० लाख. एक वीटही जास्त न लावता ३० लाख वाढले. त्यात स्टील-सिमेंटचे भाव, नव्या दरसूचीतले दर आणि दोन वर्षांचा उशीर मिळवला की मूळ मान्यता अपुरी पडते.

ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च गेला तर सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. सरकारी भाषेत ‘सुप्रमा’. ही फाइल पुन्हा त्याच रस्त्याने जाते: बांधकाम विभाग, संचालनालय, मंत्रालयातला विभाग, वित्त विभाग. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला जातो, वाढ का झाली? उत्तर लिहिण्यात महिने जातात आणि तेवढ्यात नवी दरसूची येते. सुप्रमाच्या फाइलला स्वतःचीच सुप्रमा लागावी, असंही घडू शकतं.

दुसरं कारण थकलेली बिलं. २०२५ मध्ये राज्यभरातल्या सरकारी ठेकेदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केली, ती बातम्यांत गाजली. ज्याचे पैसे अडकलेत तो ठेकेदार यंत्रं आणि माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो. छोट्या ग्रंथालयाच्या कामावर हे आधी होतं, कारण रस्ता किंवा पूल थांबला तर लोक ओरडतात, ग्रंथालय थांबलं तर सहसा कुणी रस्त्यावर येत नाही.

तिसरं कारण नकाशातच असतं. इमारत, विद्युतीकरण, लिफ्ट, आग विझवण्याची व्यवस्था, कुंपण, फर्निचर हे सगळं एका अंदाजपत्रकात बसवलं तर आकडा मोठा दिसतो आणि मान्यता अवघड होते. म्हणून आधी फक्त इमारत दाखवली जाते, बाकीचं नंतर. मग रंग दिलेली, खिडक्या लावलेली, पण वीजजोडणी नसलेली इमारत उभी राहते. कागदावर ती ‘पूर्ण’ असते.

अर्धवट इमारत पूर्ण करणं नव्यापेक्षा अवघड का?

कारण पुस्तकं जड असतात. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात. ग्रंथालयात पुस्तकांच्या रॅकचं दालन असेल तर तिथे किमान ६०० किलो धरावे लागतात, आणि रॅकची उंची २.२ मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याहून अधिक. नुसत्या वाचनकक्षाला, पुस्तकं दुसरीकडे ठेवली असतील तर, ३०० किलो पुरतात. म्हणजे पहिला मजला मूळ नकाशात सभागृह किंवा कार्यालय होता आणि काम पुन्हा सुरू करताना कुणी म्हणालं, ‘इथे पुस्तकं ठेवू’, तर तो स्लॅब ते पेलेलच असं नाही.

म्हणूनच कित्येक वर्षं थांबलेल्या कामाची आधी संरचनात्मक तपासणी करावी लागते. उघड्यावर राहिलेल्या सळया किती गंजल्या, काँक्रीटची ताकद किती उरली, स्लॅबमध्ये पाणी मुरलं का, हे पाहिल्याशिवाय वरचा मजला चढवणं धोक्याचं. मग जुन्या ठेकेदाराचा हिशेब मिटवायचा. मोजमाप पुस्तिकेत नोंदलेलं काम आणि जागेवर दिसणारं काम जुळतं का ते पाहायचं, करार संपवायचा, उरलेल्या कामाचं नवं अंदाजपत्रक करायचं आणि नवी निविदा काढायची. ‘उर्वरित कामासाठी निधी मंजूर’ या चार शब्दांत एवढं सगळं दडलेलं असतं. त्यातलं काही झालं नसेल आणि फक्त रक्कम जाहीर झाली असेल, तर ती रक्कम पुढच्या ३१ मार्चची वाट पाहते.

या टप्प्यावर नकाशा सुधारायची मात्र चांगली संधी असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नकाशात अभ्यासिका एक छोटी खोली असायची. आज ग्रंथालयात सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारा वाचक बहुतेक स्पर्धा परीक्षेचा असतो. त्याला जास्त खुर्च्या, प्रत्येक टेबलाजवळ चार्जिंगची सोय, पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळी आणि स्वच्छ स्वच्छतागृहं, उशिरापर्यंत सुरक्षित दरवाजा हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर रॅम्प आणि लिफ्ट या सोयी ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. आणि कथा-कादंबऱ्या वाचायला येणाऱ्या आजोबांना त्या अभ्यासिकेच्या गर्दीत जागा मिळेल ना, हेही नकाशातच ठरतं.

चेन्नईचं अण्णा शताब्दी ग्रंथालय २०१० मध्ये आणि मदुराईचं कलैग्नर शताब्दी ग्रंथालय जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, तेव्हा मराठी सोशल मीडियावर ‘आपल्याकडे असं कधी?’ असा सूर होता. फोटो अर्थातच इमारतींचे फिरले. पण तामिळनाडूत १९४८ पासून ग्रंथालय कायदा आणि उपकर आहे, हे त्या फोटोंत दिसत नव्हतं.

इमारत झाली, मग?

पदं वेगळी मंजूर होतात. मोठ्या इमारतीला ग्रंथपाल, सहायक, शिपाई, रात्रपाळीचा पहारेकरी लागतो आणि त्यासाठी वित्त विभागाची स्वतंत्र संमती लागते. बांधकामाच्या मान्यतेत ती येत नाही. वीजबिल, देखभाल, सफाई यांचे पैसे पुन्हा २२०५ मधून. या दोन फाइली बांधकामासोबतच सुरू झाल्या नाहीत, तर उद्घाटनानंतर ग्रंथालय ‘सकाळी ११ ते ५’ या वेळेत चालतं. म्हणजे नोकरदार आणि विद्यार्थी नेमके जेव्हा येऊ शकतात तेव्हा बंद.

तुम्हाला काय तपासता येईल?

पुढच्या वेळी पोस्ट आली की आधी शासन निर्णय शोधा. राज्य सरकारचे शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागानुसार मिळतात आणि प्रत्येकावर संगणक सांकेतांक असतो. पोस्टमध्ये तो नसेल तर कमेंटमध्ये विचारा. निर्णय उघडून तीन गोष्टी बघा: विषयाच्या ओळीत ‘प्रशासकीय मान्यता’ आहे, ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ आहे की ‘निधी वितरित करणे’ आहे. यातला ‘निधी वितरित’ हा शब्द सर्वात वजनदार. मग लेखाशीर्ष कोणतं आणि अंदाजपत्रकात फर्निचर, विद्युतीकरण धरलंय का, ते पाहा. निविदा निघाली असेल तर ती राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर सापडते.

काहीच सापडलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांपर्यंत लिहायचा असतो, त्यामुळे ‘काम का रखडले?’ असा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर मिळत नाही, कारण माहिती अधिकारात कागद मिळतात, मतं मिळत नाहीत. मान्यतेबद्दलचा अर्ज ग्रंथालय संचालनालयाकडे, कामाबद्दलचा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयाकडे. मागायचं ते हे: प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत, आजवर झालेल्या खर्चाचा वर्षनिहाय तपशील, मोजमाप पुस्तिकेतली शेवटची नोंद, आणि संरचनात्मक तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल.